ऑर्डरची बखर आणि ताब्याची शकावली

#धागा

१/२४
८ जुलै २००७. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथे बोइंगच्या कारखान्याचे अजस्र दार उघडले आणि ७८७ ड्रीमलायनर जगापुढे आले. अमेरिकन रिवाजाने महिना आधी लिहिला की ती तारीखही ७-८-७ अशी वाचली जाते. मुहूर्त मुद्दाम साधलेला होता. हजारोंचा जमाव, देशोदेशी थेट प्रक्षेपण आणि वहीत ६७७ विमानांची मागणी. या जातीचे एकही विमान अजून जमिनीवरून उचललेले नव्हते. तरी नव्या युगाची भाषा त्याच दिवशी सुरू झाली.

२/२४
टाळ्या घेणारे ते विमान आतून पोकळ होते. जगभरातील पुरवठादारांकडून येणारे भाग अपुऱ्या अवस्थेत आले होते. योग्य दर्जाचे बोल्ट वेळेत न मिळाल्याने कित्येक ठिकाणी तात्पुरते बोल्ट लावून सांगाडा उभा केला होता. पाहुणे पांगले, विमान पुन्हा आत गेले आणि तात्पुरते काढून खरे बसवण्याचे काम सुरू झाले. दोनेक महिन्यांत उडेल असे सांगितलेले विमान १५ डिसेंबर २००९ रोजी उडाले. जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला मे २००८ मध्ये मिळायचे पहिले विमान २५ सप्टेंबर २०११ रोजी मिळाले.

३/२४
मग ७८७चे पर्व कधी सुरू झाले म्हणायचे? २००७ साली की २०११ साली? लोकप्रिय लेखन बेधडक पहिली तारीख देते. त्या सवयीविरुद्धच हा धागा आहे. विमानयुगाचा इतिहास घोषणांवरून लिहिला जातो. तो ताब्यावरून लिहिला पाहिजे. महाराष्ट्रात घर घेणाऱ्या कुणालाही बुकिंग आणि ताबा यांतला फरक शिकवावा लागत नाही. माहितीपत्रकातील चित्र, भूमिपूजनाचा नारळ आणि हातात पडलेली किल्ली या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला घरभाडे आणि हप्ता एकत्र भरताना उमगलेले असते. विमानांचे इतिहासकार मात्र माहितीपत्रकावरच तृप्त असतात.

४/२४
मराठी इतिहासप्रेमींना हा वाद नवा नाही. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांनी रसाळ बखरींना त्या काळच्या अस्सल पत्रांपुढे उभे केले आणि बखरींच्या चुका दाखवल्या. जेधे शकावली, जी १९१६ साली टिळकांनी प्रसिद्ध केली, ती तर वाचायला अगदीच रुक्ष: शक, मास, तिथी आणि एका ओळीत घटना. तरीही शिवजन्माच्या तिथीच्या वादात तिचे पारडे बखरींपेक्षा जड ठरले आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने तीच तिथी स्वीकारली.

५/२४
मोठ्या प्रवासी विमानांचीही अशी शकावली आहे. ती लिहिणारे बहुतेक जण हौशी आहेत. एव्हरेटच्या पेन फील्डवर, फ्रान्समध्ये तुलूझच्या ब्लान्याक विमानतळाबाहेर, जर्मनीत हॅम्बुर्गच्या फिंकेनवेर्डरला ही माणसे दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन कुंपणाशी उभी असतात. कोणते विमान कारखान्याबाहेर आले, कधी रंगशाळेत गेले, पहिले उड्डाण कधी, किती चाचण्या, ताबा कोणत्या दिवशी, कोणत्या नोंदणीचिन्हाखाली घरी गेले. प्रत्येक विमानामागे एक ओळ. अलंकार नाही, मत नाही. केवळ तारखा.

६/२४
या नोंदींचे व्याकरण समजून घेण्यासारखे आहे. बोइंगच्या विमानाला दोन क्रमांक असतात. अनुक्रमांक बहुधा ऑर्डर नोंदताना गटाने राखून ठेवतात, त्यामुळे तो बांधणीच्या क्रमाने चालत नाही. जुळणी क्रमांक, म्हणजे लाइन नंबर, मात्र साखळीवरची खरी जागा सांगतो. एकाच गटातील दोन अनुक्रमांकांच्या विमानांत वर्षांचे अंतर पडलेले दिसले, तर मधल्या काळात काहीतरी घडलेले असते: कुणी ऑर्डर पुढे ढकललेली असते, कुणाचे दिवाळे वाजलेले असते, कुठे युद्ध पेटलेले असते. अंतर दिसल्यावर कारण शोधणे, हे इतिहासकाराचेच काम.

७/२४
दुसरी खूण रंगाची. जुन्या पद्धतीच्या धातूच्या बोइंग विमानाचे धड साखळीवर हिरव्या संरक्षक लेपात असते. पण शेपटीवरचा हलता भाग, म्हणजे रडर, आधीच रंगवलेला असतो, कारण रंगाच्या वजनासकट त्याचा तोल साधावा लागतो. म्हणून कुंपणापलीकडच्या जाणकाराला अंग हिरवे असतानाच कळते की हे कुणाचे. आणि तोच रडर काही महिन्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या रंगात दिसला, तर कोणतीही बातमी येण्याआधी एक व्यवहार मोडल्याचे त्याला समजते. बातमीदार पत्रकाची वाट पाहतात, तेव्हा हा माणूस पुरावा वहीत उतरवून मोकळा झालेला असतो.

८/२४
आता घोषणा आणि ताबा यांमधल्या दरीत काय दडते ते पाहू. ३० सप्टेंबर १९६८ रोजी पहिले बोइंग ७४७ एव्हरेटला बाहेर आले, तेव्हा त्याच्या अंगावर २६ विमान कंपन्यांची बोधचिन्हे रंगवलेली होती. तो फोटो प्रत्येक पुस्तकात आहे. पुढच्या वर्षाचा फोटो फारसा कुठे नाही. प्रॅट अँड व्हिटनीची नवी इंजिने अडचणीत आली आणि सुमारे २० तयार विमाने कारखान्याच्या मैदानात अडकून पडली. सुमारे चार टनांच्या प्रत्येक इंजिनाच्या जागी, विमानाचा तोल राहावा म्हणून, काँक्रीटचे ठोकळे लटकवले होते.

९/२४
उशिरा आलेल्या प्रत्येक विमानावर कंपनीचे कर्ज चढत गेले. वर मंदी आली. सिअॅटल परिसरात बोइंगचे मनुष्यबळ १९६७ मधील एक लाखाच्या आकड्यावरून १९७१ पर्यंत चाळीस हजारांच्या खाली आले. एप्रिल १९७१ मध्ये तिथल्या विमानतळाजवळ एक फलक लागला: शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, अशा आशयाचा. त्याच महिन्यात एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, मुंबईला दाखल झाले. सांताक्रूझला उत्सव आणि सिअॅटलला अंधार हे एकाच नोंदवहीच्या एकाच पानावर आहेत. उत्सवाचे वर्णन करणाऱ्यांनी ते पान उलटून पाहिले नाही.

१०/२४
त्या विमानाची शेवटची नोंदही मुंबईचीच. १ जानेवारी १९७८ रोजी उड्डाणानंतर काही क्षणांत ते वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. ‘जम्बो आले’ हा इतिहास मानला जातो. परंतु कोणते जम्बो, कधी बांधलेले, कुठवर उडालेले, हे सांगता आले तरच त्या यंत्राचे चरित्र होते. शकावली जन्म आणि मृत्यू दोन्ही सारख्याच निर्विकारपणे लिहिते. म्हणूनच ती विश्वसनीय.

११/२४
ऑर्डरची वही भरलेली म्हणजे कंपनी सुखी, या समजुतीला सर्वांत मोठा तडाखा डग्लसने दिला. डीसी-८ आणि डीसी-९ बांधणाऱ्या या कंपनीकडे १९६६ साली कामाची मुळीच वानवा नव्हती. वानवा होती ती वेळेवर विमान देण्याची. व्हिएतनाम युद्धामुळे कुशल कामगार आणि सुटे भाग मिळेनात, विमाने रखडली, रोकड आटली. ऑर्डरींनी फुगलेली वही बगलेत घेऊन डग्लस दिवाळखोरीच्या काठावर पोहोचली आणि १९६७ साली मॅकडॉनेलमध्ये विलीन झाली. ऑर्डर मोजणाऱ्या इतिहासाला या मरणाचे कारणच सांगता येत नाही.

१२/२४
लॉकहीड ट्रायस्टारचेही तेच. त्याचे इंजिन बनवणारी रोल्स-रॉईस ४ फेब्रुवारी १९७१ रोजी बुडाली. ब्रिटिश सरकारला तिचे राष्ट्रीयीकरण करावे लागले आणि अमेरिकन सरकारला लॉकहीडच्या कर्जाची हमी घ्यावी लागली. खर्च भरून निघण्यास ५०० विमाने हवी होती, बनली २५०. काँकॉर्डसाठी तर जगभरच्या कंपन्यांनी जागा राखून ठेवल्या होत्या. त्यात एअर इंडियाच्याही दोन होत्या. प्रवासी सेवेत गेली केवळ १४ विमाने, तीही ब्रिटिश आणि फ्रेंच या दोनच कंपन्यांकडे. मुंबईच्या वाट्याची ती दोन काँकॉर्ड फक्त बखरीत उडाली.

१३/२४
आणि मग एअरबस ए३८०. १८ जानेवारी २००५ रोजी तुलूझला या दुमजली विमानाच्या अनावरणास फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी आणि स्पेन या चार देशांचे नेते जातीने हजर होते. २००७ साली एअरबसचा अंदाज होता की पुढील वीस वर्षांत या आकाराची १,२८३ प्रवासी विमाने लागतील. या आकड्यावर लेख लिहिले गेले, विमानतळांनी दुमजली पूल बांधले, धावपट्ट्या रुंद झाल्या. प्रत्यक्षात दिली गेलेली ए३८० विमाने: २५१. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, एवढीच.

१४/२४
त्या २५१चा खरा इतिहास फ्रान्समधील लेविन्याक या छोट्या गावाच्या रस्त्यावर घडत होता. धडाचे प्रचंड भाग आणि पंख आधी समुद्रमार्गे, मग गारोन नदीतून तराफ्यांवर, आणि पुढे रात्री रस्त्याने तुलूझला जात. लेविन्याकमध्ये घरांच्या भिंती आणि विमानाच्या भागांमध्ये अगदी थोडी फट उरे. गावकरी रात्री दारात उभे राहून तो ताफा पाहत. ताफे किती येतात हे त्यांना माहीत होते. त्यामुळे किती विमाने बनत आहेत हेही. जून २०२० मध्ये शेवटचा ताफा गेला, तेव्हा निरोपाला गाव लोटले होते.

१५/२४
ताफे अडले कशाने? तारांनी. एका ए३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर विद्युततारा. हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते एकाच आरेखनप्रणालीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरत होते. परिणामी जर्मनीहून आलेल्या तारांचे जुडगे फ्रान्समध्ये बसेनात, आखूड पडू लागले. जून २००६ मध्ये विलंब जाहीर झाला आणि मालक कंपनीचा समभाग एका दिवसात २६ टक्क्यांनी कोसळला. फेब्रुवारी २००७ मध्ये एअरबसने १०,००० नोकऱ्या कमी करण्याची योजना मांडली. त्या वर्षी ए३८० किती विमानांचा ताबा दिला गेला? एक.

१६/२४
या कथेत मुंबईचेही एक पात्र आहे. जून २००५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात किंगफिशर एअरलाइन्सने पाच ए३८०ची घोषणा केली. तिचे पहिले उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. भारत ए३८० उडवणार, असे मथळे झळकले. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीची उड्डाणे थांबली. कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते, बँकांचे हजारो कोटी अडकले होते. विलेपार्ल्याचे किंगफिशर हाउस बँकांनी लिलावात पुनःपुन्हा काढूनही वर्षानुवर्षे विकले गेले नाही. ए३८० एकही आले नाही. मथळे मात्र आजही संदर्भ म्हणून फिरतात.

१७/२४
एअरबसच्या क्रमांकांतच ही शोकांतिका वाचता येते. शेवटचे ए३८०, जे १६ डिसेंबर २०२१ रोजी एमिरेट्सला मिळाले, त्याचा अनुक्रमांक २७२. दिलेली विमाने २५१. मधले जे क्रमांक रिकामे, त्यांतील बहुतेक मोडलेल्या करारांची थडगी आहेत. आणि १५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर एअरलाइन्सला दिलेले पहिले विमान? दहा वर्षांची सेवा संपल्यावर त्याला नवा भाडेकरू मिळाला नाही. फ्रान्समध्ये तार्ब येथे ते मोडीत निघाले, तेव्हा शेवटचे भावंड अजून जन्मायचे होते.

१८/२४
आपल्या देशातील धडा याहून महाग. एअर इंडियाने २००४ साली २८ विमानांचा प्रस्ताव ठेवला होता. अखेरीस तो ६८वर गेला आणि डिसेंबर २००५ मध्ये बोइंगशी करार झाला. त्यात २७ ड्रीमलायनर होती. विमाने जवळजवळ पूर्णपणे कर्जातून घ्यायची होती, आणि २०११च्या अहवालात कॅगने नेमक्या याच गोष्टीवर कठोर ठपका ठेवला. २००८ पासून मिळायचे ड्रीमलायनर सप्टेंबर २०१२ मध्ये दिल्लीत उतरले. ज्या विमानांवर भविष्याचा हिशेब मांडला, ती चार वर्षे कागदावरच राहिली. तूट मात्र कागदावर थांबली नाही.

१९/२४
याच कराराच्या अनुषंगाने बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये देखभाल केंद्र उभारण्याचे कबूल केले होते. ते काम सुरू झाले २०१५ साली, करारानंतर सुमारे दहा वर्षांनी. दरम्यान जानेवारी २०१३ मध्ये बॅटऱ्या पेट घेऊ लागल्यामुळे जगातील सेवेत असलेली सर्व ५० ड्रीमलायनर जमिनीवर आणली गेली. त्यांत एअर इंडियाची सहा होती. पुढे मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात धडाच्या जोडांतील दोषांपायी ताबा देणेच बंद राहिले आणि शंभराहून अधिक तयार विमाने उभी राहिली. बांधले, उडाले, दिले: ही तीन क्रियापदे एकमेकांचे समानार्थी शब्द नाहीत.

२०/२४
यावर पहिला आक्षेप असा की ऑर्डर हा कायदेशीर करार असतो, आगाऊ रक्कम घेतलेली असते. तिला बखर म्हणणे अन्याय आहे. ऑर्डर हा पुरावा आहेच, पण इच्छेचा. कुणाला कधी काय हवेसे वाटले, एवढेच ती सांगते. खुद्द बोइंग आपल्या आकडेवारीत लेखापद्धतीच्या नियमानुसार अशा ऑर्डरी वेगळ्या काढते, ज्या प्रत्यक्षात येतील याची तिला पुरेशी खात्री नसते. जिने ऑर्डर घेतली तीच तिच्यावर पूर्ण विसंबत नाही; मग इतिहासकाराने कोणत्या भोळेपणाने विसंबावे?

२१/२४
दुसरा आक्षेप उच्चभ्रू आहे: कुंपणाशी उभ्या हौशी लोकांच्या वह्यांना साधन कसे मानायचे? उत्तर सोपे आहे. साधन कुणी लिहिले यापेक्षा ते तपासता येते का, हे महत्त्वाचे. तारखेसह छायाचित्र, नोंदणी खात्याची कागदपत्रे, उत्पादकाची मासिक बेरीज आणि दोन स्वतंत्र निरीक्षकांच्या वह्या यांचा मेळ घालता येतो. या वह्यांत चुका असतात. पण त्या सापडतात आणि दुरुस्त होतात. पत्रकार परिषदेतील भाषणाची चूक दुरुस्त होत नाही. ते पुढच्या भाषणाखाली फक्त गाडले जाते.

२२/२४
तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. ताब्याची तारीखही एकच नसते. पहिल्या ७८७च्या करारपूर्तीची तारीख २५ सप्टेंबर २०११. समारंभ २६ सप्टेंबरला. विमान जपानला पोहोचले त्यानंतर. प्रवासी घेऊन टोकियोहून हाँगकाँगला गेले २६ ऑक्टोबरला. यांतली ‘खरी’ तारीख कोणती? सगळ्या खऱ्या; मात्र कोणती कशाची हे लिहिले पाहिजे. शक आणि सन यांची गल्लत झाली की मराठ्यांच्या इतिहासात जसा घोटाळा होतो, तसाच इथे होतो. हा आक्षेप शकावलीविरुद्ध जात नाही; ती अधिक काटेकोर असावी, एवढेच तो मागतो.

२३/२४
आणि काटेकोर वहीला काय दिसते? फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाच्या ४७० विमानांच्या ऑर्डरीचा गजर झाला. त्यातली मोठी, दुहेरी मार्गिकेची विमाने फक्त ७०. २३ डिसेंबर २०२३ रोजी पहिले ए३५० दिल्लीत उतरले आणि पुढच्या महिन्यात बंगळूरहून मुंबईला प्रवासी घेऊन आले. घोषणेनंतर दहा महिन्यांत विमान कसे आले? कारण ते मुळात रशियाच्या एअरोफ्लोटसाठी बांधले जात होते. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर निर्बंध लागले, ते मालकाविना राहिले आणि तशी सहा विमाने एअर इंडियाकडे वळली. घोषणा वाचणाऱ्याला यात भारताची भरारी दिसली. वही वाचणाऱ्याला त्याच विमानात एक युद्धही दिसले.

२४/२४
त्याच ऑर्डरीत दहा ७७७एक्स आहेत. हे विमान २०१३ साली जाहीर झाले, २०२० साली मिळायचे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये बोइंगने २०२७ची नवी तारीख दिली. म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी कोणताही भव्य आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारावेत: यातली बांधली किती, दिली किती, आणि मधल्या काळाची किंमत कुणी मोजली? सिअॅटलचे कामगार, किंगफिशरचे पगार थकलेले कर्मचारी आणि भारतीय करदाते हे त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहेत. ऑर्डरीच्या बखरीत त्यांना जागा नाही. शकावलीत दोन तारखांमधल्या रिकाम्या जागेत ते उभे आहेत. वाचणाऱ्याने फक्त थांबून वजाबाकी करायची आहे.

धागा समाप्त.